धर्मानंद कोसंबी आमचे कोण?

भाईंदर पूर्वेला एका वस्तीत छोटेखानी बुद्धविहार आहे. वर पत्रे, खाली कोबा, समोर तथागतांची मूर्ती आणि बाजूला बाबासाहेबांचा फोटो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासाच्या तीन महिन्यांत, तेथे रोज रात्री ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. विरार लोकलमध्ये चेंगरून घरी आलेली माणसे दोन घास खाऊन विहारात येऊन बसतात. मायमाऊल्या तर भांडी आवरून सर्वांच्या आधी हजर असतात. आम्हीही जमेल तसे जातो.

गेल्या वर्षावासात वाचन रोहिणी नदीपर्यंत आले. शाक्य आणि कोलिय यांची शेती एकाच नदीच्या पाण्यावर. त्या पाण्यावरून तंटा, तंट्यातून युद्धाची भाषा, संघाच्या सभेत सिद्धार्थाने युद्धाला केलेला विरोध आणि त्यातून त्याचा गृहत्याग. वाचन थांबल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका उठले. पाण्याच्या या तंट्याचा आणि गृहत्यागाचा संबंध मराठीत बाबासाहेबांच्या ग्रंथाआधी धर्मानंद कोसंबी नावाच्या गृहस्थांनी मांडला होता, त्यांचेही पुस्तक एकदा विहारात वाचावे, असे त्यांनी सुचवले. झाले! इंजिनिअरिंगला असलेला एक तरुण ताडकन उभा राहिला. कोसंबी हे ब्राह्मण, गांधींच्या आश्रमात देह ठेवलेले, बिर्लांच्या पैशाने विहार बांधणारे. त्यांचे नाव आपल्या विहारात कशाला, असा त्याचा रोखठोक सवाल होता. काही जणांनी माना डोलावल्या. काका गप्प बसले. मग कुणीतरी आमच्याकडे बोट दाखवले. आम्ही लिहिणारे, तेव्हा उत्तर आम्हीच द्यावे म्हणून.

त्या रात्री आम्हाला ते नीट देता आले नाही. वाचकहो, ते येथे देण्याचा हा प्रयत्न आहे. मुलाचा सवाल चुकीचा नव्हता हे आधीच सांगून टाकतो. ज्या समाजाला हजारो वर्षे दुसऱ्यांनी सांगितलेले मुकाट्याने ऐकावे लागले, त्या समाजातल्या पोराने नाव ऐकताच जात आणि पैसा विचारला तर त्यात नवल काही नाही. पण सवाल विचारल्यावर माणसाचे आयुष्यही पाहावे लागते.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. घराणे गौड सारस्वत ब्राह्मणाचे, पण घरी पैसा नव्हता. शिक्षण गावातल्या मराठी शाळेतले, तेही जेमतेम. पुढे ना हायस्कूल ना कॉलेज. नारळीच्या बागा सांभाळायच्या, कुळांचा हिशेब ठेवायचा. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास लग्न झाले. अशा स्थितीत हा मुलगा हाताला लागेल ते वाचत होता. तुकोबांच्या चरित्राने तो हेलावून गेला होता. अशातच त्याच्या हातात ‘बालबोधमेवा’ नावाचे मासिक पडले. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी मुलांसाठी चालवलेले हे मासिक. त्यात भगवान बुद्धांवरचा एक लेख होता. त्या लेखाने कोसंबींच्या आयुष्याला वळण लावले.

येथे थोडे थांबू या. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींचे मराठी बुद्धचरित्रही याच सुमारास, १८९८ साली, प्रसिद्ध झाले. केळुसकरही कोकणपट्टीतलेच. पुढे भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्काराच्या सभेत याच केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले, ही हकिकत आपल्या घराघरांत माहीत आहे. म्हणजे एकीकडे गोव्याच्या खेड्यातला नारळीची बाग राखणारा ब्राह्मण मुलगा आणि दुसरीकडे परळच्या चाळीत दिव्याच्या उजेडात वाचणारा महार मुलगा, दोघांनाही बुद्ध भेटला तो मराठी छापील पानातून. कोणा भिक्खूने दोघांपैकी एकालाही धम्म सांगितला नव्हता. सांगायला या भूमीत भिक्खू उरला होताच कुठे? आमच्या भाईंदरच्या दक्षिणेला कान्हेरीची लेणी आहेत आणि उत्तरेला खाडीपलीकडे सोपाऱ्याचा स्तूप आहे. सोपाऱ्याचा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरून काढला तेव्हा स्थानिक लोक त्याला बुरुडराजाचा कोट म्हणत होते. ज्या मुलखात बुद्धाच्या स्तूपाला त्याचे नावही उरले नव्हते, त्या मुलखात पुस्तकाशिवाय दुसरा गुरू कोण मिळणार?

१८९९ च्या अखेरीस कोसंबी घराबाहेर पडले. घरी पत्नी बाळाबाई आणि काही महिन्यांची मुलगी माणिक. आमच्या विहारातल्या मायमाऊल्यांना हे सांगितले तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली आणि ती बरोबरच होती. पुरुष सत्याच्या शोधात निघतो तेव्हा चूल कोण पेटवते? कोसंबी पुन्हा घरी आले ते जवळजवळ सात वर्षांनी. बाळाबाईंनी ती वर्षे सासर-माहेरच्या आधाराने काढली. कोसंबींवर लिहिणारे बहुतेक जण हा भाग दोन ओळींत उरकतात. आम्हीही फार काही करू शकत नाही, पण नाव तरी घेतो. बाळाबाई कोसंबी. या बाईच्या सात वर्षांवर पुढची सारी विद्या उभी आहे.

पहिला मुक्काम पुणे. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि प्रार्थना समाजाची मंडळी भेटली. बौद्ध ग्रंथ वाचायचे तर आधी संस्कृत हवे. म्हणून ग्वाल्हेरमार्गे काशी. काशीत अन्नछत्रात जेवून शास्त्र्यांच्या हाताखाली संस्कृतचे पाठांतर. पण बुद्ध काशीच्या पाठशाळेत नव्हता. १९०२ साली ते नेपाळात गेले. बुद्धाच्या जन्मभूमीच्या देशात धम्म शाबूत असेल या आशेने डोंगर चढून गेलेल्या या तरुणाला काठमांडूत पशुबळी आणि कर्मकांड पाहायला मिळाले. निराश होऊन ते बुद्धगयेला आले. तेथे कळले की पाली शिकायची असेल तर सिंहलद्वीपाला जावे लागेल. मग कलकत्ता, मद्रास आणि तेथून कोलंबो. खिशात पैसे नाहीत, भाषा येत नाही, ओळखीचे कुणी नाही. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या छत्राखाली ते पाली शिकले आणि श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन भिक्खूची उपसंपदा घेतली, जंगलातल्या विहारांत ध्यानसाधना केली. या काळात कुशीनारा, सारनाथ ही स्थळेही त्यांनी पाहिली.

बुद्धाचे शब्द वाचण्यासाठी या माणसाला देशाबाहेर का जावे लागले, याचा विचार करण्यासारखा आहे. बुद्ध येथला, भाषा येथली, पण ती भाषा सिंहली लिपीत आणि ब्रह्मी लोकांच्या लिपीत जिवंत राहिली होती. देवनागरीत वाचावे म्हटले तर पाली ग्रंथ जवळजवळ नव्हतेच. ज्यांनी या देशात विद्येची मक्तेदारी घेतली, त्यांनी वेदांचा काना-मात्रा जपला आणि त्रिपिटक मात्र समुद्रापलीकडे जाऊ दिले. कोसंबी त्या समुद्रापलीकडून ते परत घेऊन आले. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम हेच.

१९०६ साली कलकत्त्यात ते पाली शिकवू लागले. चीवर त्यांनी उतरवले होते. भिक्खू राहून हिंडणे, शिकवणे, पैसे हाताळणे जमत नव्हते, म्हणून त्यांनी ढोंग न करता गृहस्थाश्रम पत्करला. कलकत्ता विद्यापीठात पगार चांगला होता, मान होता. पण त्यांच्या मनाने घेतले की धम्माचे काम महाराष्ट्रात आणि मराठीत व्हायला हवे. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना महिना ५० रुपये देऊ केले. अट अशी की, महाराष्ट्रात राहावे आणि पुस्तके लिहावीत. कोसंबींनी कलकत्त्याची मोठी नोकरी सोडून हे ५० रुपये घेतले. याच सयाजीरावांनी त्यानंतर थोड्याच वर्षांत कॉलेजात शिकणाऱ्या भीमरावांना महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली अमेरिकेला पाठवले. मराठी मुलखातल्या बौद्ध विद्येच्या दोन्ही वाती एकाच समईच्या तेलावर पेटल्या, हे कोणी विसरू नये.

‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे पुस्तक १९१० साली आले. साध्या मराठीत, साध्या माणसाला कळेल असे. १९१४ साली ‘बुद्धलीलासारसंग्रह’ आले. मग ‘समाधिमार्ग’, ‘बौद्ध संघाचा परिचय’, जातककथा, सुत्तनिपाताचे मराठी भाषांतर. त्यांचे मराठी कसे आहे? आम्हाला ते आजोबांच्या बोलण्यासारखे वाटते. शब्दांचा फुलोरा नाही, अलंकार नाहीत, वाक्ये सरळ. पंडिती मिरवण्याची संधी असतानाही हा माणूस मिरवत नाही. कदाचित शाळा मराठीतच संपली म्हणून असेल!

१९१० साली त्यांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. तेथे हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या दिवंगत विद्वानाने ‘विसुद्धिमग्ग’ या महान पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम अर्धवट ठेवले होते. ते पुरे करायला पाली जाणणारा माणूस हवा होता. चार-पाच मराठी इयत्ता शिकलेला माणूस हार्वर्डमध्ये! पण तेथे काय झाले? प्राध्यापक लॅनमन आणि कोसंबी यांच्यात श्रेयावरून वाद झाला. काम कोसंबींचे आणि नाव गोऱ्या विद्वानांचे, हा प्रकार त्यांना मान्य नव्हता. ते परत आले. पुढे १९१८ ते १९२२ आणि त्यानंतरही दोनदा ते याच कामासाठी तेथे गेले. हार्वर्डची आवृत्ती शेवटी १९५० साली निघाली. तोवर कोसंबी हयात नव्हते. मात्र दरम्यान १९४० साली त्यांनी मुंबईत आपली स्वतःची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध करून टाकली होती. आता पाली वाचायला कोणाला सिंहली लिपी शिकायची गरज उरली नाही. श्रेय नाकारले जाण्याचे दुःख आपल्या समाजाला नवे नाही. म्हणून हा प्रसंग आम्ही त्या तरुणाला मुद्दाम सांगितला. ब्राह्मण असला तरी गोऱ्यांच्या दारात तो काळाच होता.

१९१२ ते १९१८ ही वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवण्यात गेली. पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वि. राजवाडे हे त्यांचे शिष्य पुढे स्वतः पालीचे अध्यापक झाले. मुंबई विद्यापीठात पाली विषय रुजला तो भांडारकर आणि कोसंबी यांच्या खटपटीने. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले ते मराठीसाठी. पालीसाठी कोणी वाटले असतील तर आमच्या कानावर आले नाही. गंमत अशी की, आमच्या मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत उत्तनजवळ मच्छीमारांचे एक गाव आहे, त्याचे नावच पाली. आमचा तरुण मित्र म्हणाला की, त्याला आजवर पाली म्हटले की बोंबील आठवत.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. रोहिणीचे पाणी. कोसंबींचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ १९४०-४१ साली निघाला. परंपरेची गोष्ट अशी की, सिद्धार्थाने म्हातारा पाहिला, रोगी पाहिला, प्रेत पाहिले आणि विरक्त होऊन रात्री बायको-मुलाला झोपेत सोडून तो निघून गेला. कोसंबींनी पाली सुत्ते उलगडून दाखवले की ही गोष्ट मागाहून रचलेली आहे. शुद्धोदन हा कोणी सार्वभौम महाराजा नव्हता. शाक्य हे कोसल राज्याच्या अंकित असलेले, शेती करणारे लोक होते. सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्ताकडे त्यांनी बोट दाखवले. थोड्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी एकमेकांशी भांडणारी माणसे पाहून आणि हाती शस्त्र घेतल्यानेच भय जन्मते हे जाणून बोधिसत्त्वाला वैराग्य आले, असा त्याचा आशय आहे. त्याला त्यांनी शाक्य-कोलियांच्या पाण्यावरील भांडणाची जोड दिली. ‘बोधिसत्त्व’ हे नाटकही त्यांनी याच विषयावर लिहिले.

बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेतच बाबासाहेबांनी पहिला प्रश्न मांडला तो हाच, की बुद्धाने परिव्रज्या का घेतली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा प्रेत पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटणारे नाही, हे त्यांनी ठणकावले आणि रोहिणीचा तंटा त्यांनी पुढे आणला. मात्र दोघांत फरक आहे आणि तो आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. कोसंबींचा सिद्धार्थ भांडणांना, शस्त्रांना उबगतो. बाबासाहेबांचा सिद्धार्थ संघाच्या सभेत उभा राहतो, ठरावाला विरोध करतो, बहुमताने हरतो, शस्त्र हाती घ्यायला नकार देतो, त्याची शिक्षा काय हे विचारतो आणि आपल्या कुटुंबाची जमीन जप्त होऊ नये, त्यांच्यावर बहिष्कार पडू नये म्हणून स्वतः देशत्याग पत्करतो. यशोधरेचा निरोप घेऊन, सर्वांच्या देखत. घटनाकाराच्या लेखणीतून उतरलेला सिद्धार्थ आहे तो. बहिष्कार म्हणजे काय हे ज्याने भोगले त्याच्या लेखणीतून उतरलेला. आणि महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली पाण्यासाठी सत्याग्रह करणाऱ्याला पाण्यावरचा तंटा काय असतो हे सांगावे लागत नाही. कोसंबींनी पाली पोथ्यांतून दगड खणून काढले, बाबासाहेबांनी त्यातून घर बांधले. घर आपले आहे. पण खाणीचे नाव घेतल्याने घराला बाधा येत नाही.

‘भगवान बुद्ध’मध्ये जातिभेदावर स्वतंत्र प्रकरण आहे. ब्राह्मण तरुण आश्वलायनाला तथागतांनी कसे निरुत्तर केले, वासेट्ठ सुत्तात झाडे-किडे-पशू यांच्या जाती निसर्गाने वेगळ्या केल्या तशा माणसांच्या केल्या नाहीत हे कसे समजावले, ते त्यात मूळ सुत्तांसह आले आहे. वैदिक यज्ञांत गायी-बैलांची कत्तल होत असे हेही त्यांनी लपवले नाही. गीतेवरही त्यांनी टीका केली. ज्यांच्या आश्रमात ते राहिले त्या गांधींना गीता प्राणप्रिय होती, तरी केली. माणूस गांधींकडे गेला, पण आपली अक्कल बाहेर ठेवून गेला नाही.

पण याच ग्रंथातल्या दुसऱ्या एका प्रकरणाचा आमच्या मीरा-भाईंदरशी संबंध येतो. २०१५ च्या सप्टेंबरात आमच्या महापालिकेने पर्युषणाच्या काळात आठ दिवस मांसविक्रीवर बंदीचा निर्णय घेतला. केवढे वादंग माजले! मच्छीमार, खाटीक, आपली माणसे एका बाजूला, शाकाहारी शेजारी दुसऱ्या बाजूला, राजकीय पक्ष तापलेल्या तव्यावर. वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. तेव्हा आम्हाला कोसंबी आठवले होते. बुद्धाचे शेवटचे भोजन, ते सूकरमद्दव, म्हणजे नेमके काय, या वादाचा विचार करताना त्यांनी प्राचीन जैन ग्रंथांतले उतारेही तपासले आणि त्या काळचे जैन श्रमणही भिक्षेत मिळालेले मांस खात असावेत असा निष्कर्ष काढला. जैन समाजात त्यावरून संताप उसळला. कोसंबींना विरोध झाला, पण त्यांनी लिहिलेले मागे घेतले नाही. आमच्या जैन शेजाऱ्यांच्या श्रद्धेचा अनादर करण्याचे आम्हाला कारण नाही. त्यांच्या घरचा गोड शिरा आम्ही वर्षानुवर्षे खात आलो आहोत. मुद्दा ताटाचा नसून पुस्तकाचा आहे. आणि हेच कोसंबी पार्श्वनाथाचे मोठे चाहते होते! ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९४९ साली प्रसिद्ध झाले. अहिंसा, सत्य, अस्तेय, अपरिग्रह या चार यामांतून आजच्या समाजाचे भले होईल असे त्यांना वाटे. श्रद्धा आणि चिकित्सा त्यांच्या एकाच डोक्यात नांदत होत्या.

श्रद्धेबरोबर समाजाची चाडही. अमेरिकेत त्यांनी समाजवादाचे साहित्य वाचले. १९२९ साली ते रशियात लेनिनग्राडला गेले, तेथल्या बौद्ध विद्येच्या संस्थेत काही महिने राहिले. १९३० साली परतले ते थेट मिठाच्या सत्याग्रहात. शिरोड्याला मीठ उचलले, विलेपार्ल्याच्या छावणीत काम केले, तुरुंगवास भोगला. भाईंदरची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत, त्या मिठात पायाला चिरा पडलेल्या आगरी-कोळी मजुरांना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पन्नाशी ओलांडलेल्या या पाली पंडिताने मिठागरात उतरावे याचे अप्रूप वाटेल. आम्हाला वाटते.

आता त्या तरुणाचा सर्वांत बोचरा मुद्दा. बिर्लांचा पैसा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. त्यानंतर १९३७ च्या सुमारास मुंबईत परळला कोसंबींनी ‘बहुजन विहार’ उभारले. गिरणी कामगार आणि अस्पृश्य समजल्या गेलेल्या लोकांच्या वस्तीत, त्यांच्यासाठी. ‘बहुजन’ हा शब्द तथागतांनी भिक्खूंना दिलेल्या आदेशातला. कोसंबींनी तो परळच्या दारावर लावला. पण पैसा जुगलकिशोर बिर्लांचा. बौद्ध हे हिंदूच, असे मानणाऱ्या धनिकाचा. अशा पैशातून उभ्या राहिलेल्या विहारातून जातिअंताचा लढा निघणे शक्य होते का? आमचे स्पष्ट मत आहे की नव्हते. पैसा देणाऱ्याचा हात भिंतीत राहतोच. कोसंबींनी ही गफलत केली असे आम्ही म्हणतो. दोन-तीन वर्षांत ते स्वतःही तेथून बाहेर पडले. लोकांच्या चळवळीतून विहार उभे राहायला १९५६ सालच्या १४ ऑक्टोबरला नागपूरची दीक्षाभूमी उजाडावी लागली. आमच्या भाईंदरच्या विहाराचे पत्रे वर्गणीतून आले आहेत. दहा-दहा, वीस-वीस रुपयांच्या. कोसंबींकडे विद्या होती, वस्तीतले घरही होते, पण वर्गणी देणारा समाज नव्हता. तो बाबासाहेबांनी घडवला.

आणि शेवट. प्रकृती ढासळली होती. शरीराचा समाजाला उपयोग उरला नाही, मग ते दुसऱ्यांच्या सेवेवर का जगवायचे, या विचाराने त्यांनी १९४६ साली उत्तर प्रदेशात उपोषण आरंभले. गांधींच्या सांगण्यावरून सोडले. पुढच्या वर्षी सेवाग्रामला येऊन पुन्हा आरंभले आणि ४ जून १९४७ रोजी तेथेच प्राण सोडला. ही जैनांच्या सल्लेखनेची वाट होती. आम्हाला हा शेवट पटत नाही. देह कष्टवण्याचा मार्ग तथागतांनी स्वतः करून पाहिला आणि सोडून दिला. जन्मभर तथागत वाचणाऱ्याने शेवटच्या महिन्यात मध्यम मार्ग सोडावा, याची हळहळ वाटते. बाबासाहेब मात्र देहाची चाळण झाली असतानाही शेवटच्या दिवसापर्यंत आपल्या ग्रंथाचे काम करत राहिले. गांधींनी कोसंबींचे स्मारक म्हणून पाली शिकण्यासाठी विद्यार्थ्यांना सिंहलद्वीपाला पाठवण्याची कल्पना मांडली होती. दगडी पुतळ्यापेक्षा ती निश्चित बरी होती.

त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगभर गाजले; १९६६ साली तेही गेले. नात मीरा कोसंबी यांनी आजोबांचे ‘निवेदन’ हे आत्मचरित्र आणि इतर लेखन इंग्रजीत आणले. २०१५ साली त्याही गेल्या. १९५६ नंतर साहित्य अकादमीने ‘भगवान बुद्ध’ भारतीय भाषांत पोचवले.

पंधरा दिवसांनी विहारात आम्ही हे सारे थोडक्यात सांगितले. वाद झालाच. बिर्लांच्या मुद्द्यावर तरुण एक पाऊलही मागे हटला नाही. बाळाबाईंबद्दल एका ताईंनी जे विचारले त्याला कोणाकडेच उत्तर नव्हते. कोसंबींचा फोटो लावायचा नाही, पुस्तक मात्र वर्षावास संपल्यावर रविवारी वाचायचे, असे ठरले. काकांकडची प्रत जुनी, बांधणी सुटलेली, मधली चार पाने सैल. तरुणाने ती स्टेशनजवळ झेरॉक्स काढून आणतो म्हणून नेली. दोन रविवार झाले तरी प्रत परत आली नाही. काकांनी विचारले तेव्हा तो म्हणाला की, जातिभेदाचे प्रकरण वाचून व्हायचे आहे, तोवर राहू द्या.